चेकॉव्हच्या दोन एकांकिका एका तिकिटात : आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेल्या हिवाळ्यात बेळगावात आणि नंतर खानापूर, निपाणी बाजूला आम्ही चेकॉव्ह या रशियन लेखकाच्या दोन एकांकिका एकाच तिकिटात केल्या. तेव्हापासून लग्नात भेटा, बाजारात भेटा, बसस्टँडवर भेटा, तेच तेच प्रश्न. कुणाला स्वतःच्या गावात करायच्यात, कुणाला नुसतीच चौकशी, आणि एकजण तर "आपली नाटकं संपली काय गा, रशियनाचं काय करूलास" एवढंच विचारायला घरापर्यंत आला, चहा पिऊन गेला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आम्ही दिवसा नोकरी नाहीतर दुकान बघून रात्री तालीम करणारी माणसं आहोत, तेव्हा हे हौशी लोकांनी हौशी लोकांसाठी लिहिलेलं समजा.

एका तिकिटात दोन एकांकिका कशाला? तीन अंकी एकच नाटक का नाही?

खरं कारण सांगू काय, शेवटची बस. खेड्यातनं येणारा माणूस साडेनऊनंतर खुर्चीत चुळबुळ करायला लागतो, त्याचा जीव बसस्टँडवर असतो. या दोन एकांकिका आमच्या हिशोबानं प्रत्येकी पस्तीस चाळीस मिनिटांच्या होतात, मधे पंधरा मिनिटं चहा, म्हणजे साडेसहाला तिसरी घंटा दिली की सव्वाआठला माणूस मोकळा.

दुसरं म्हणजे तालमीला सगळी माणसं एकावेळी जमवायची म्हणजे लग्नाची बोलणी परवडली. दोन एकांकिका असल्या की तीन जण इकडं तालीम करतात, तीन जण तिकडं, एकाला ताप आला म्हणून सगळ्यांचं अडत नाही.

कुठल्या दोन?

अस्वल आणि मागणी. अस्वल १८८८ सालची, मागणी त्याच सुमाराची. चेकॉव्ह तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा डॉक्टर होता, मोठी गाजलेली नाटकं अजून व्हायची होती. या दोन्हीला त्यानं नाटक असं म्हटलंच नाही, "एका अंकातला विनोद" असं लिहून ठेवलं. पण अस्वल मॉस्कोत कोर्शच्या थिएटरात लागलं आणि इतकं चाललं की त्याला खरं दुभती गाय म्हणायला पाहिजे असं त्यानंच नंतर पत्रात लिहिलंय. म्हणजे अस्वलानं दूध दिलं.

गोष्ट काय आहे? आधी कळलं तर मजा जाते काय?

नाही जात. या नाटकात पुढं काय होणार ते पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना कळतंच, मजा कसं होणार यात आहे.

अस्वलात एक तरुण जमीनदारीण, नवरा जाऊन सात महिने झालेत, काळे कपडे घालून फोटोपुढं बसलीय, घराबाहेर पडायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. म्हातारा नोकर समजावून थकलाय. तेवढ्यात एक उधारी मागणारा येतो, मेलेल्या नवऱ्यानं घोड्यांसाठी ओट्स नेले होते त्याचे बाराशे रूबल येणं आहे, आणि त्याला उद्या बँकेचं व्याज भरायचंय म्हणून आत्ता पाहिजेत. ती म्हणते परवा, माझा कारभारी गावाला गेलाय. तो म्हणतो मी हलत नाही. तिथनं भांडण वाढत वाढत पिस्तुलापर्यंत जातं आणि पिस्तूल कसं धरायचं ते तिला शिकवता शिकवता हा बाबा प्रेमात पडतो.

मागणीत पस्तीस वर्षांचा एक भित्रा जमीनदार शेजाऱ्याच्या मुलीला मागणी घालायला नटूनथटून येतो, कोट हातमोजे घालून. बापाला आधी वाटतं पैसे उसने मागायला आला. मुलगी येते, आणि मागणी तोंडातनं बाहेर पडायच्या आधी दोघांच्या शेताच्या मधलं एक कुरण कुणाचं यावर दोघं जुंपतात. ते मिटतं न मिटतं तोवर कुत्रा कुणाचा चांगला यावर दुसरं भांडण. सीमाभागात हे नाटक करायला कारण सांगावं लागतं काय?

आधी कुठली करायची?

आम्ही पहिल्या प्रयोगाला मागणी आधी केली आणि पस्तावलो. मागणीत आरडाओरडा एवढा आहे की त्यानंतर पडदा उघडून विधवा बाई शांतपणे फोटोकडं बघत बसली की लोक शांत व्हायलाच तयार नाहीत, मागं पोरं हसतायत, कुणी वडापाव खातंय. दुसऱ्या प्रयोगापासून अस्वल आधी. ती हळू सुरू होते, प्रेक्षक स्थिरावतो, आणि मागणीचा शेवटही शेवटाला बरा, कारण लग्न ठरतं तरी भांडण थांबत नाही, बाप शॅम्पेन शॅम्पेन ओरडतो आणि पडदा भांडणावरच पडतो. लोक भांडत भांडतच बाहेर पडतात, आम्ही ऐकलंय.

परवानगी, रॉयल्टी वगैरे?

चेकॉव्ह १९०४ ला गेला. आपल्याकडं लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे मूळ नाटक कधीच मोकळं झालंय. पण भाषांतराचा हक्क वेगळा असतो हे लोक विसरतात! मराठीतलं कुणाचं छापील भाषांतर किंवा रूपांतर उचललं तर त्या माणसाची किंवा त्याच्या घरच्यांची परवानगी पाहिजे, आणि ती मागायची लाज वाटून घेऊ नका, बहुतेक जण आनंदानं देतात, नुसतं विचारलं नाही म्हणून रागावतात. आम्ही ज्युलियस वेस्टचं १९१६ चं इंग्रजी भाषांतर घेतलं, तो १९१८ लाच गेला त्यामुळं तेही मोकळं, आणि त्यावरनं स्वतः लिहिलं. हौशी मंडळानं फुकट प्रेक्षकांपुढं किंवा देवळासारख्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूटही आहे, पण मंडळासाठी तिकीट लावलं की ती सूट विसरा.

आणि प्रयोग चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला न्यायचा असेल तर तिकडं महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता आधी पाठवावी लागते, तेव्हा महिनाभर आधीपासून मागं लागा. बेळगावातनं वीस मैलांवर प्रयोग आणि कागद वेगळे, काय करणार.

नावं रशियन ठेवली की आपली केली?

यावर आमच्यात दीड महिना भांडण झालं, म्हणजे मागणीची तालीमच समजा. एक गट म्हणत होता नावं तशीच ठेवूया, अस्वलातली विधवा पोपोवा, उधारीवाला स्मिरनोव्ह, मागणी घालणारा लोमोव्ह, त्यानं दर्जा राहतो. दुसरा गट म्हणत होता दर्जा राहील पण प्रेक्षक राहणार नाही. शेवटी वाचनात ठरलं. एक दिवस आम्ही रशियन नावांनी वाचलं, दुसऱ्या दिवशी आपल्या नावांनी, आणि चहा घेऊन आलेली शेजारची काकू दुसऱ्या दिवशी कप तसाच धरून दारात उभी राहिली. संपला विषय.

आणि रूपांतर म्हणजे काही कमीपणा नाही हो. आपलं मराठी रंगभूमीचं घरच त्यावर उभं आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर इथल्याच गुर्लहोसूरचे, त्यांनी कालिदासाला १८८० मध्ये मराठी पदं गायला लावली. बेळगावात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला. पु. ल. देशपांडे इथं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायचे, त्यांनी गोगोलच्या नाटकाचा अंमलदार केला. तेव्हा रशियन माणसाला मराठी धोतर नेसवायची आपल्याकडं सवय आहे.

आमच्यात पोपोवाची इंदू वहिनी झाली, स्मिरनोव्ह झाला परशराम, पेंडीचा व्यापारी. म्हातारा नोकर लुका याचं नाव लगमाण्णा, हे नाव सुचलं तेव्हा टाळ्या वाजवल्या आम्ही, कारण लुकाला यापेक्षा जवळचं नाव या मुलखात मिळणार नाही. घोड्यांचे ओट्स म्हणजे आमच्यात शर्यतीच्या बैलांची सरकी पेंड. मूळ नाटकात टोबी नावाचा नवऱ्याचा लाडका घोडा आहे. सुरुवातीला बाई म्हणते माझ्या टोबीला आज जास्तीचे ओट्स द्या, आणि शेवटचं वाक्य, आज टोबीला ओट्स अजिबात नकोत. अख्खं नाटक या दोन वाक्यांच्या मधे आहे. नवऱ्याचं प्रेम संपलं हे ती कुठंच म्हणत नाही, नुसते ओट्स बंद करते. आमचा बैल सर्जा. "लगमाण्णा, सर्जाला आज पेंड नको" म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या शेतकऱ्यांना जे कळलं ते शहरातल्या लोकांना अर्ध्या मिनिटानं कळलं.

मागणीतले शिकारी कुत्रे आम्ही मुधोळ केले, मुधोळ आपल्यापासून काय लांब नाही आणि त्या जातीचा अभिमान खेड्यात अजून आहे. मूळात एक कुत्रा सव्वाशे रूबलचा आणि दुसरा पंच्याऐंशीचा, एकाचा खालचा जबडा आखूड. आम्ही किंमत बदलली, जबडा ठेवला. पहिल्यांदा वाचताना वाटलं जबड्यावर कोण हसणार, पण प्रयोगात सगळ्यात मोठा हशा जबड्यालाच.

भाषा कुठली? प्रमाण मराठी की आपली?

आपली. पण "आपली" कुठली तेही ठरवायला लागतं. बेळगाव शहरातलं बोलणं वेगळं, खानापूरकडं कोकणीचा वास येतो, निपाणीला गेलात की कोल्हापुरीच. आम्ही एकच नियम ठेवला, ज्या नटाचं घर जिथं त्यानं तसंच बोलायचं. म्हणून परशराम निपाणीचा आहे, तो नट निपाणीचा म्हणून. इंदू वहिनी शिकलेली आहे, ती फोटोपुढं बसल्यावर पुस्तकी मराठी बोलते, "मी चार भिंतींत स्वतःला गाडून घेतलंय" वगैरे, आणि राग आला की घसरते आणि गल्लीतलं बोलायला लागते. हे आम्हाला लिहिताना सुचलं नव्हतं, तालमीत आमच्या नटीनं चुकून केलं आणि आम्ही ओरडलो, तेच ठेव! मूळात पण ती दुःखाचा अभिनयच करत असते, पण तोंडाला पावडर लावायला विसरत नाही, तेव्हा दुःखाची भाषा वेगळी आणि रागाची वेगळी हे चेकॉव्हच्या मनाविरुद्ध नाही असं मी माझ्या जबाबदारीवर म्हणतो.

लगमाण्णा घाबरला की कन्नड बोलतो, "अय्यो यान माडूदु", म्हणजे अरे देवा काय करायचं, आणि वहिनीनी रागावून हाक मारली की "हौद री", म्हणजे होय जी. दोन तीनच ठिकाणी. आमच्या एका मित्राला वाटलं नोकर कन्नड बोलतो म्हणजे कन्नड लोकांचा अपमान. बरोबर होतं त्याचं. म्हणून मग दुसऱ्या प्रयोगापासून शेवटी हातात कोयता, फावडं, दाताळं घेऊन धावत येणाऱ्या माणसांत एकजण मराठी आणि एकजण कन्नड ओरडतो, आणि परशरामाला बँकेच्या मॅनेजरची आठवण आली की तोपण कन्नडात शिव्या घालतो. आपल्याकडं माणूस कुठल्या भाषेत चिडतो ते त्याचं त्यालाच माहीत नसतं.

एक किस्सा. मागणीत आमच्या नारायणानं, म्हणजे लोमोव्हनं, पहिल्या प्रयोगात जोरात म्हटलं, "सातबारा दाखवू काय सातबारा!" आणि मागनं आवाज आला, "पहाणी म्हण की रे, सातबारा तिकडं कोल्हापुरात!" बरोबर पकडलं. आम्ही पुण्यातल्या नाटकांच्या सवयीनं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून पहाणी आणि उतारा, आपल्याकडं जमिनीच्या कागदाला तेच म्हणतात. तुम्ही करणार असाल तर आपल्या तालुक्यात कचेरीत काय म्हणतात ते आधी विचारून घ्या, चुकीचा कागद निघाला की प्रेक्षकाचा विश्वासच उडतो.

जमिनीचं भांडण आहे तर सीमाप्रश्न घातला असेलच ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, दोन्ही बाजूंनी येतो, म्हणून सरळच सांगतो. १९५६ पासून ज्या गोष्टीचा निकाल लागत नाही, जी २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तिच्यावर आमच्या दोन वाक्यांनी काही होणार नाही आणि नाटक मात्र मरेल. शिवाय घालायची गरजच नाही. मूळात कुरण आहे पाच देस्यातिना, म्हणजे साधारण साडेतेरा एकर, किंमत तीनशे रूबल, आणि मुलगी स्वतःच म्हणते की जमिनीचं मला काही नाही, पण अन्याय सहन होत नाही. आम्ही ते बारा गुंठे केलं. लोमोव्ह सांगतो माझ्या मावशीच्या आजीनं ते कुरण तुमच्या पणजोबांच्या कुळांना फुकट वापरायला दिलं, बदल्यात त्यांनी तिच्या विटा भाजून द्यायच्या. वीटभट्टी! काहीच बदलायला लागलं नाही. त्यावर "आमचं आहे", "आमचं आहे", "आमचं आहे" असं तिघं ओरडायला लागले की बेळगावातल्या प्रेक्षकाला कुणी काही समजावून सांगायला लागत नाही. तो हसतो, मग एक सेकंद थांबतो, मग परत हसतो. तो मधला सेकंद आम्हाला पाहिजे होता.

एका ठिकाणी आमच्या बापानं, म्हणजे भरमाण्णा करणाऱ्यानं, जोशात येऊन मूळ संहितेत नसलेलं राजकीय वाक्य टाकलं. टाळ्या पडल्या. आणि पुढची पाच मिनिटं कुणी नाटक बघत नव्हतं, सगळे त्या वाक्यावर बोलत होते. त्याला परत करू दिलं नाही.

विधवेची चेष्टा वाटत नाही काय? आमच्या घरच्या बायका येतील.

बायकांनाच आणा. चेष्टा विधवेची नाही, दुःखाच्या दिखाव्याची आहे, आणि तो दिखावा तिच्याकडनं कोण करून घेतं हेही नाटकात आहे. नवरा साधा नव्हता. आठवडेच्या आठवडे घरी एकटी सोडून जायचा, मेल्यावर टेबलाच्या खणात दुसऱ्या बायकांच्या प्रेमपत्रांचा ढीग सापडला, आणि तरी ही बाई त्याला मरेपर्यंत निष्ठा दाखवणार, का तर त्याला दाखवून द्यायला. हे भाषण आमच्या नटीनं अजिबात न हसवता केलं. खानापुरात त्यावेळी बायकांच्या बाजूला इतकं शांत झालं की आम्ही विंगेत घाबरलो. मग परशरामानं तोंड उघडलं आणि सगळं परत जाग्यावर आलं. हां, एक बदल केला, मूळात तो घरात शिरून व्होडका मागतो, आम्ही चहा केला. विधवेच्या घरी दारू मागणारा माणूस आपल्या प्रेक्षकाला अस्वल वाटत नाही, गुंड वाटतो, आणि मग शेवटी ती त्याच्या गळ्यात पडली की पटत नाही.

माणसं किती लागतात? बाई मिळत नाही आमच्याकडं.

तीन अधिक तीन. शेवटी धावत येणारे दोघं तिघं बॅकस्टेजचे घाला, त्यांनाही स्टेजवर यायचं असतंच. एकच नटी दोन्हीत करू शकते, आम्ही नाईलाजानं एकदा केलं आणि उलट चांगलं झालं. नट सापडत नसतील तर लगमाण्णा आणि बाप हे एकाच म्हाताऱ्याला द्या.

मुली मिळत नाहीत याचं कारण मुली नसणं हे नाही, तालीम रात्री दहापर्यंत चालणं हे आहे. सहा ते आठ तालीम ठेवा, घरी सोडायची जबाबदारी घ्या, घरच्यांना एकदा तालीम बघायला बोलवा. आमच्या सुनंदाचे वडील बघायला आले आणि आता तेच प्रॉम्प्टिंग करतात, एवढं मोठ्यानं करतात की त्यांना मागं बसवावं लागतं.

तालीम कशी घेतली? विनोद जमत नाही.

विनोद करू नका, एवढंच. गमतीनं नाही सांगत. आम्ही पहिले पंधरा दिवस वाया घालवले कारण प्रत्येकजण विनोदी बोलत होता, डोळे फिरवत होता, वाक्यानंतर प्रेक्षकाकडं बघत होता. लोमोव्हला छातीत धडधडतं, पाय बधिर होतो, डोळ्यापुढं चांदण्या दिसतात. आमचा नट छाती धरून लडबडायचा, आम्हीच हसत होतो आणि बाहेरून बघायला आलेलं कुणी हसत नव्हतं. मग आमच्यातल्या एकानं, जो खरंच बीपीच्या गोळ्या घेतो, त्याला सांगितलं की असं होतं तेव्हा माणूस लपवतो, दाखवत नाही. नाडी हळूच टेबलाखाली बघतो. तसं केल्यावर पहिल्यांदा तालमीत हसू आलं. चेकॉव्ह डॉक्टर होता हो, आजाराची थट्टा तो आजारी माणसाच्या बाजूनं करतो.

भांडण तर आणखीनच. दोघांना खरोखर आपलंच खरं वाटलं पाहिजे. आम्ही एक तालीम संहिता बाजूला ठेवून घेतली, प्रत्येकानं आपल्या घरातलं एक खरं जमिनीचं नाहीतर भिंतीचं भांडण त्याच तावात सांगायचं. साडेतीन तास चालली ती तालीम. एकाच्या घरात गटाराच्या उतारावरनं अठरा वर्षं शेजारी बोलत नाहीत. त्यानंतर संवादांना कुणी वर पट्टी लावली नाही.

पाठांतराची मात्र डोकेदुखी आहे. मागणीत "आमचं आहे, नाही आमचं आहे" हे तीनचारदा फिरून येतं, आणि नट एकदा चुकीच्या वळणावर गेला की सरळ शेवटाला पोचतो नाहीतर परत सुरुवातीला. निपाणीला आम्ही पान तिसरं दोनदा केलं. कुणाला कळलं नाही, भांडणात तसंच होतं.

खुर्ची मोडते ती कशी केली? आणि बंदूक?

स्मिरनोव्ह रागात खुर्चीची पाठ धरतो आणि ती कडकन मोडते, तेही दोनदा. पहिल्या वेळी आम्ही खरी जुनी खुर्ची अर्धी कापून ठेवली, ती प्रवेशाच्या आधीच लगमाण्णानं सरकवली आणि मोडली, पुढचं सगळं नाटक त्या मोडक्या खुर्चीभोवती. मग सुताराकडनं नीट करून घेतली. पाठीच्या उभ्या पट्ट्या मधोमध कापून आत लाकडी खुंटी, खुंटी अर्धवट कापलेली, प्रत्येक प्रयोगाला नवी. मागनं झटका दिला तरच तुटते, पुढनं बसलं तर माणूस पडत नाही. आवाजासाठी विंगेत एकजण बांबूची पट्टी मोडतो. खुंट्या जास्तीच्या करून ठेवा, आणि त्या खुर्चीवर चौकटीमागं खडूनं खूण करा, कारण मध्यंतरात कोणीतरी पाहुणा हमखास तिच्यावरच बसतो.

बंदुकीबद्दल, खरी आणू नका. लायसन्सची असली तरी नाही, रिकामी असली तरी नाही, काकांची आहे म्हणून तर मुळीच नाही. गंमत म्हणजे अस्वलात गोळी एकदाही सुटत नाही, त्यामुळं आवाजाची पण गरज नाही. मूळात तो स्मिथ अँड वेसनची पिस्तुलं हातात घेऊन त्यांची तारीफ करतो, किंमत सांगतो, आणि तारीफ करता करता बाईच्या डोळ्यांकडं बघतो. लाकडाची कोरून काळा रंग द्या. जड पाहिजे, हलकं खेळणं हातात धरलेलं मागच्या रांगेतनंपण कळतं. आम्ही आत शिसं भरलं.

नेपथ्य दोन करायला लागतात काय?

एकच. दोन्ही दिवाणखाने. मागची भिंत तीच, फोटो बदलायचा, पडद्याचं कापड बदलायचं, अस्वलात खिडकी बंद आणि मागणीत उघडी. लाईटवाल्याला एवढंच सांगितलं, पहिल्यात घरात हवा नाही असं वाटू दे, दुसऱ्यात ऊन.

हॉल कुठला, तारीख कधीची?

बेळगावात लोकमान्य रंगमंदिर आहे, कुमार गंधर्व रंगमंदिर आहे (कुमारजी शेजारच्या सुळेभावीचे, हे नव्या पोरांना सांगायला लागतं). खेड्यात देवळाचा सभामंडप किंवा शाळा. पत्र्याचं छप्पर असेल तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत नाव काढू नका, खानापूरच्या पावसात नटाचा आवाज त्याला स्वतःला ऐकू येत नाही. १ नोव्हेंबरच्या आसपास नको, एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी लोकांचा काळा दिवस, गाड्या बंद आणि पोलिसांना तुमच्या अर्जाकडं बघायला वेळ नाही. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन असतं तेव्हाही तेच. ऊसतोड जोरात असताना खेड्यात संध्याकाळी माणूस मिळत नाही. राहिलं काय, तर जानेवारीचा शेवट ते गावच्या यात्रा, आम्ही त्यातच बसवलं. उघड्यावर करणार असाल तर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम सगळ्या देशाला आहे, तेव्हा भाषणं आणि सत्कार आधी आवरा. खरंतर सत्कार करूच नका.

एका हॉलचं नाव घेत नाही, तिथं माईक प्रयोगाच्या मधेच शेजारच्या लग्नाची सनई पकडायला लागला. मागणी चालली होती म्हणून निभावलं.

खर्च आणि तिकीट?

जास्त पैसा हॉलचं भाडं, लाईट आणि गाडीला जातो, नाटकाला नाही. कपडे घरचे. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, आणि पाचशेचं तिकीट काढायची आपली हिंमत पण नाही. फुकट मात्र ठेवू नका, फुकट पास घेतलेला माणूस येत नाही आणि त्याची खुर्ची रिकामी राहते. दहा रुपये का होईना, घ्या.

कन्नड लोक येतात काय? पोस्टर कुठल्या भाषेत?

येतात की. इथं निम्म्या गल्ल्या दोन्ही भाषा बोलतात. पोस्टर आम्ही दोन्ही भाषेत केलं, कन्नड वर मोठं, खाली मराठी, त्यानं लावायला त्रास होत नाही आणि गोकाककडनं आलेल्या दोघांनी पोस्टर वाचूनच तिकीट काढलं. प्रयोगानंतर ते आत येऊन म्हणाले, भांडण सगळं कळलं, मागणी घातलेली तेवढी कळली नाही. लोमोव्हलापण कळलेली नसते.

निपाणीत करताय तर तंबाखूवरची का नाही केली?

चेकॉव्हचं एकपात्री आहे, तंबाखूच्या दुष्परिणामांवर, १८८६ ला लिहिलं आणि १९०२ पर्यंत परत परत बदलत राहिला. निपाणीकर ते नाव ऐकूनच खूष होतात. पण त्यात तंबाखू जवळजवळ नाहीच, बायकोनं पिडलेला एक नवरा व्याख्यानाला उभा राहतो आणि स्वतःचंच रडगाणं सांगतो. तंबाखूच्या गावात ते करायचं म्हणजे वखारीतली माणसं वाट बघत बसणार, तंबाखू कधी येतो. पुढच्या वर्षी करू म्हणतोय, नट पाहिजे, पन्नाशीचा, लग्न झालेला, आणि बायको प्रेक्षकांत बसली तरी बोलणारा. अजून मिळाला नाही.

तुमची संहिता मिळेल काय?

मिळेल, झेरॉक्सचे पैसे द्या. तीन अटी आहेत. प्रयोग कुठं आणि कधी ते कळवायचं. जमिनीचे शब्द तुमच्या तालुक्याचे घालायचे, आमचे ठेवायचे नाहीत. आणि लगमाण्णाच्या तोंडी जे कन्नड आहे ते कन्नड येणाऱ्या माणसाकडनं एकदा ऐकून घ्यायचं, कारण आमच्यात ते लिहिणारा शहापूरचा मराठी माणूस आहे आणि त्याचं कन्नड भाजी बाजारापुरतं आहे. खुर्ची मात्र देत नाही, ती तुमची तुम्ही करून घ्या.